विमानाच्या आवाजाचं गणित सोडवलं, ते जेम्स लाइटहिल यांनी

केंब्रिजमध्ये न्यूटनच्या खुर्चीवर स्टीफन हॉकिंग बसले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या आधी तिथे कोण होतं? सर जेम्स लाइटहिल.

1924 मध्ये पॅरिसला जन्मलेले हे इंग्रज गणितज्ज्ञ 26व्या वर्षी मँचेस्टरमध्ये प्राध्यापक झाले. जेट विमानं तेव्हा नवीन होती आणि कानठळ्या बसवायची. हा आवाज येतो कुठून? 1952 मध्ये त्यांनी कागदावर उत्तर काढलं: इंजिनातून सुटलेल्या हवेच्या खळबळीतून. झोताचा वेग दुप्पट केला की आवाजाची शक्ती थेट 256 पट. मग वेगच कमी करा ना! आजची जाडजूड इंजिनं तेच करतात, जास्त हवा सावकाश ढकलतात. इंधन वाचतं ते वेगळंच.

प्रोपेलरमध्ये मुख्य गोंगाट पात्यांचा. 1969 मध्ये फोक्स विल्यम्स आणि हॉकिंग्स (हे वेगळे, बरं का) यांनी लाइटहिल यांचंच गणित फिरत्या पात्यांना लावलं. पाती वाढवून हळू फिरवली, टोकं पातळ करून मागे वळवली, तर आवाज किती घटेल, याचा अंदाज पातं बनवण्याआधीच बांधता येऊ लागला.

लाइटहिल यांना पोहण्याचं वेड. 1973 मध्ये त्यांनी इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटाला पोहत फेरी मारली. 1998 मध्ये, वयाच्या 74व्या वर्षी, तीच फेरी मारताना त्यांचा मृत्यू झाला.