मार्कशीटवरचं नाव

खरं सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. १५ ऑगस्टला झेंडावंदन, चॉकलेट आणि घरी. १७ सप्टेंबरला जालन्यात पुन्हा झेंडावंदन का होतं, हे कधी विचारलंच नाही. स्वामी रामानंद तीर्थ हे नाव फक्त नांदेडला शिकणाऱ्या मामेभावाच्या मार्कशीटवर पाहिलेलं! यंदा आजोबांनी विचारलं, तर कुणीतरी साधू असतील असं सांगून मोकळी झाले. आजोबा हसले नाहीत. मग वाचायला बसले.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, आजच्या कर्नाटकात. कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केल्यावर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर झाले. १९३० साली संन्यास घेतला. संन्यासी म्हणजे हिमालयात जाणार, असं आपल्याला वाटतं. स्वामीजी मात्र अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे हेडमास्तर झाले आणि १९३८ साली तेही सोडून थेट निजामाच्या तुरुंगात गेले!

हैदराबाद स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ मध्ये उठली आणि पुढारीपण स्वामीजींकडे आलं. कार्यकर्ते मराठी, तेलुगू, कन्नड. त्यात कुणी मवाळ, कुणी डावे. एवढ्यांची मोट बांधणं काय असतं, ते गॅदरिंगची कमिटी चालवणाऱ्यांना विचारा! १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा स्वामीजी अटकेत होते. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. आपलं जालनाही निजामाच्याच राज्यात. आपल्याकडे स्वातंत्र्य उजाडलं १७ सप्टेंबर १९४८ ला, तब्बल तेरा महिने उशिरा.

पण मला भिडलं ते पुढचं. मुक्तीनंतर गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे जिवाभावाचे सहकारी मतभेदांमुळे काँग्रेसमधून बाहेर पडले. वाटा वेगळ्या झाल्या, माणसं तुटली नाहीत. पुढे औरंगाबादला स्वामीजींच्या नावाने संशोधन संस्था उभी राहिली, तिच्या कामात गोविंदभाईच पुढे होते. दुसरे सहकारी पी. व्ही. नरसिंह राव देशाचे पंतप्रधान झाले, तरी स्वामीजींना गुरूच मानत राहिले. आमच्यात तर सबमिशनवरून भांडण झालं की सहा महिने अबोला!

स्वामीजी १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादमधून खासदार झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला गेले. संन्याशाला ना घर, ना संसार. मागे उरली ती जोडलेली माणसं.

यंदा १७ सप्टेंबरला आजोबांना स्कूटीवर बसवून झेंडावंदनाला नेलं. येताना मामेभावाला फोन केला, तर त्यालाही स्वामीजी म्हणजे कुणी साधूच वाटत होते! हा अंक त्याला पाठवणार आहे.