पंडिता रमाबाई : धर्मांतरानंतर आठ वर्षांनी गवसलेला आनंद

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची विद्वत्ता, स्त्रीशिक्षणाचे कार्य आणि धर्मांतराचा वाद या तीन गोष्टी प्रामुख्याने आठवतात. त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली; परंतु त्या श्रद्धेतला आनंद त्यांना गवसला तो १८९१ मध्ये. मधल्या आठ वर्षांचा हा प्रवास समजून घेतल्याखेरीज केडगावच्या माळरानावर त्यांनी उभारलेल्या कार्यामागची प्रेरणा उलगडत नाही.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीला दिली. पुराणे सांगत, तीर्थक्षेत्रे पालथी घालत हे कुटुंब भारतभर पायी फिरले. व्रते, उपवास, दानधर्म यांत जवळचे सारे द्रव्य सरले. जितके पुण्य अधिक, तितकी देवाची कृपा अधिक, हा हिशेब रमाबाईंच्या मनात बालपणापासून रुजला होता.

दक्षिणेत पडलेल्या भीषण दुष्काळाने तो हिशेब मोडून टाकला. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. सोळा वर्षांच्या रमाबाई पुढे सरसावल्या. पण उंची कमी असल्याने त्यांना तिरडीचे टोक डोक्यावर घेऊन स्मशानापर्यंत चालावे लागले. पुण्य जोडण्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांच्या वाट्याला असा अंत का यावा, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

१८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. कीर्ती लाभली, पण दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती, तोच १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांना त्या मुकल्या होत्या. आसामातील वास्तव्यात पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ताच्या चरित्राची ओढ तेथून लागली.

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे तो विचार सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्यांचा मुक्काम होता. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने जवळ करतात, हे पाहून त्या अंतर्बाह्य हलल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

तरीही मनाला स्वस्थता नव्हती. त्रैक्याचा सिद्धांत, धर्मगुरूंचा अधिकार, चर्चची शिस्त यांविषयी त्यांनी आश्रमातील ज्येष्ठ भगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार केला, वादही घातले. कोणी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले, कामाचा व्याप वाढला. पण अंतःकरणातली पोकळी भरली नाही. धर्म मिळाला, ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त मात्र मिळाला नाही, अशी त्यांची अवस्था होती.

१८९१ मध्ये विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे उपदेश करूनही ज्याचे मन कोरडे राहिले होते आणि पुढे ज्याला श्रद्धेचा जिवंत अनुभव आला, अशा माणसाची ती कहाणी होती. रमाबाईंना तीत आपलेच प्रतिबिंब दिसले. पूर्वी व्रतांनी आणि नंतर अचूक सिद्धांतांनी देवाची कृपा कमवावी लागते, असे त्या धरून चालल्या होत्या. कृपा ही कमाई नसून देणगी आहे, हे त्यांना आता उमगले. दुष्काळात मोडलेला हिशेब पुन्हा मांडण्याची गरजच उरली नाही. त्या जागी आली ती कृतज्ञता, आणि कृतज्ञतेबरोबर आनंद.

या आनंदाची कसोटी लवकरच लागली. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपली श्रद्धा लपवून संस्था वाचवणे रमाबाईंना मान्य नव्हते. त्यांनी उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवले आणि केडगावला शेतजमीन घेतली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथील निराधार मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना स्वतःचे बालपण दिसले. सुमारे ३०० मुलींना त्यांनी आणले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावच्या 'मुक्ती'त राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकून या मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहू लागल्या. आंधळ्या स्त्रियांना, वृद्धांना, समाजाने पतित ठरवलेल्यांना तेथे स्वतंत्र आसरा मिळाला. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली. कालपर्यंत ज्यांना कोणी वाली नव्हता, त्या मुली तासन्‌तास रडत, गात, हसत प्रार्थना करू लागल्या. ज्या आनंदासाठी रमाबाईंना आठ वर्षे वाट पाहावी लागली, तो त्यांनी शेकडो जणींच्या मुखावर पाहिला.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुळणी आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती हे सारे सोपवायचे, ती एकुलती एक लेकच हिरावली गेली. खचलेल्या देहाने रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रमाबाईंच्या आयुष्यातून दुःख कधीच हद्दपार झाले नाही. १८९१ नंतर बदलले ते एवढेच की, ते दुःख देवाच्या अवकृपेची खूण आहे असे त्यांना वाटेनासे झाले. म्हणूनच मुक्तीच्या दारी आलेल्या कोणत्याही मुलीला तिच्या पूर्वकर्माचा जाब द्यावा लागला नाही. तिच्यासाठी आधी ताट वाढले गेले आणि मग पाटी हाती दिली गेली.