कवट्या मोजल्या, भेद सापडला नाही!

‘युगान्त’ या ग्रंथामुळे डॉ. इरावती कर्वे हे नाव मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. तथापि, महाभारतातील माणसांचा थांग घेणाऱ्या या विदुषीच्या संशोधनाचा आरंभ हाडांपासून झाला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे इरावतीबाईंचा जन्म झाला. तेथील इरावती नदीवरून वडील गणेश हरी करमरकर यांनी मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षणासाठी आल्या. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जडली आणि रँग्लर परांजपे यांचे घर हेच त्यांचे दुसरे माहेर झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचे अध्ययन केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्रज्ञ दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनेने परदेशी जावे, हे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना रुचले नव्हते. परंतु दिनकररावांनी पत्नीची बाजू घेतली आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

शहराच्या डाहलेम भागात नुकतीच स्थापन झालेली कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था हे त्यांचे अभ्यासस्थान. संचालक प्रा. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. वंशाची श्रेष्ठ-कनिष्ठता हाडांवरून ठरवता येते, अशी फिशर यांची धारणा होती. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक वाढलेला असतो. त्यामुळे त्याची कवटी दोन बाजूंनी असमान होते आणि ही असमानता बुद्धीची खूण आहे, असे त्यांचे गृहीतक होते. ते तपासण्याचे काम तेवीस वर्षांच्या या मराठी विद्यार्थिनीकडे आले.

हाड हे वरून दगडासारखे निर्जीव भासले, तरी जिवंतपणी ते सतत घडत असते. नवजात बालकाची कवटी सुट्या हाडांची असते. टाळू साधारण दीड वर्षांत भरते आणि हाडांमधील सांधे पुढे हळूहळू जुळत जातात. जुने हाड विरघळवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे काम आयुष्यभर चालते, म्हणूनच मोडलेले हाड सांधते. ज्या बाजूने भार पडतो त्यानुसार हाडाची रचना बदलते, हा सिद्धान्त १८९२ मध्ये याच बर्लिनमध्ये शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी ग्रंथरूपाने मांडला होता. उजव्या-डाव्या बाजूंत थोडाफार फरक असणे हा मानवी शरीराचा सामान्य धर्मच आहे.

इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची बारकाईने मोजमापे घेतली. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. निष्कर्ष स्पष्ट निघाला: असमानता सर्वत्र आढळते, तिचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती होती त्या मार्गदर्शकांच्या सिद्धान्ताविरुद्ध हे लिहिणे सोपे नव्हते. फिशर यांनी सर्वांत खालची श्रेणी दिली. मात्र १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढे फिशर आणि त्यांची संस्था नाझींच्या वंशवादी राजवटीच्या सेवेत रुजू झाली. २०१४ मध्ये त्या संस्थेच्या जुन्या आवाराजवळ बांधकाम सुरू असताना मानवी अस्थी सापडल्या. पुढील उत्खननांत त्यांच्या तुकड्यांची संख्या हजारोंवर गेली आणि २०२३ मध्ये बर्लिनमध्येच त्यांचे सन्मानपूर्वक दफन करण्यात आले.

मायदेशी परतल्यावर काही काळ महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदी काम करून १९३९ मध्ये इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात त्यांनी भाग घेतला आणि तेथे मिळालेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास शरीररचनातज्ज्ञ डॉ. कुरुलकर यांच्याबरोबर केला. मोजपट्टी त्यांनी सोडली नाही. महाराष्ट्रातील मराठ्यांसह अनेक जातींची शरीरमापने त्यांनी गावोगाव हिंडून घेतली. माणसांचे असे वर्गीकरण आजच्या अभ्यासकांना खटकते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु या कामातूनच कुणबी, ब्राह्मण यांसारखे एकच नाव लावणारे समूह मुळात एकजिनसी नसतात, या मतापर्यंत त्या आल्या.

२०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषणाने मराठा-कुणबी हा प्रश्न राज्याच्या ऐरणीवर आणला. त्याचा शोध जुन्या महसुली दप्तरांतील नोंदींत घेतला गेला. हाडांवरून माणसाची पायरी ठरवू पाहणाऱ्या काळापासून आपण किती दूर आलो, याचीच ही साक्ष होय.

भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले. गुरूचे गृहीतक आणि समोरचा पुरावा यांत विसंगती दिसली तेव्हा त्यांनी पुरावा निवडला. मराठी ज्ञानपरंपरेला मिळालेला हा वारसा ‘युगान्त’इतकाच मोलाचा आहे.