शिवणयंत्राच्या हक्काची लढाई

एलिअस हौ यांचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर येथे झाला. कारखान्यांत उमेदवारी करीत त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. संसाराची ओढाताण सुरू असतानाच त्यांना शिवणयंत्राचा ध्यास लागला. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा आणणारा धोटा यांच्या मेळातून सहजी न उसवणारा टाका घालणारे यंत्र त्यांनी १८४५ मध्ये सिद्ध केले. बॉस्टनच्या क्विन्सी हॉलमधील चढाओढीत शिवणकामात तरबेज असलेल्या पाच स्त्रियांना या यंत्राने मागे टाकले. लोक थक्क झाले. पण ३०० डॉलरचे यंत्र विकत घ्यायला कोणी पुढे आले नाही. शिंप्यांना तर रोजगार बुडण्याचीच धास्ती होती.

१० सप्टेंबर १८४६ रोजी पेटंट मिळाले, तरी गिऱ्हाईक मिळेना. इंग्लंडमध्येही निराशाच पदरी पडली. १८४९ मध्ये हौ रिकाम्या हाताने परतले आणि थोड्याच काळात त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

दरम्यान, त्यांचीच कल्पना वापरलेली यंत्रे बाजारात विकली जाऊ लागली होती. त्यांपैकी सर्वांत आक्रमक विक्रेते म्हणजे आयझॅक सिंगर. एकेकाळी नट असलेल्या सिंगर यांनी १८५० मध्ये बॉस्टनमध्येच सुधारित यंत्र तयार केले. हौ यांच्यापाशी नसलेली विक्रीची कला सिंगर यांच्यापाशी भरपूर होती. हौ न्यायालयात गेले. वॉल्टर हंट यांनी असे यंत्र आधीच बनवले होते, असा बचाव सिंगर यांनी केला. परंतु हंट यांनी त्याचे पेटंट घेतले नव्हते. १८५४ मध्ये हौ यांची सरशी झाली आणि सिंगर यांना १५,००० डॉलर मोजावे लागले.

तरीही विक्रेत्यांचे परस्परांवरील दावे थांबेनात. अखेर १८५६ मध्ये सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर या कंपन्या आणि हौ यांनी आपापली पेटंटे एकत्र केली. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे हौ यांना पाच डॉलर मिळू लागले. त्याच वर्षी सिंगर यांच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केली. प्रतिस्पर्ध्याचा खप वाढला, तशी हौ यांची मिळकतही वाढली.

मुदतवाढ मिळालेले त्यांचे पेटंट सप्टेंबर १८६७ मध्ये संपले. त्यानंतर महिन्याच्या आतच, ३ ऑक्टोबर रोजी, ब्रुकलिन येथे वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. घराघरांत नाव पोहोचले ते सिंगर यांचे. टोकाशी नेढे असलेली सुई मात्र आजही शिवणयंत्रात तशीच आहे.