जगप्रवासी इब्न बतूता

मोरोक्को देशाच्या उत्तर किनाऱ्यावर टँजिअर नावाचे बंदर आहे. तेथे इ. स. १३०४ मध्ये काझींच्या घराण्यात इब्न बतूताचा जन्म झाला. १३२५ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेस म्हणून एकटाच घराबाहेर पडला, तो मायदेशी परतला १३४९ साली! या २४ वर्षांत इजिप्त, अरबस्तान, इराण, मध्य आशिया, हिंदुस्थान, मालदीव बेटे असे करीत तो चीनपर्यंत जाऊन आला. दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरी तो काही वर्षे काझी होता. दिल्लीहून समुद्राकडे येताना तो दौलताबादेस उतरला, आणि तेथील दुर्गाचे व मराठ्यांच्या आहारविहाराचे वर्णन त्याने करून ठेवले. पुढे गोव्यावरील एका स्वारीतही तो सामील झाला. म्हणून आम्हां मराठी वाचकांस तो अगदीच परका नव्हे. तथापि त्याच्या साऱ्या भ्रमंतीत आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्याचा अखेरचा मोठा प्रवास, सहारा ओलांडण्याचा.

परतला तेव्हा आई नुकतीच प्लेगने निवर्तली होती. वडील त्याआधीच वारले होते. घरी त्याचे मन रमले नाही. १३५२ च्या फेब्रुवारीत, खजुरीच्या बागांनी वेढलेल्या सिजिल्मासा नगरीतून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर तो दक्षिणेस निघाला. वाळवंटापलीकडचे वलाता हे गाव तेथून १,५०० किलोमीटरांहून दूर. उंटांसाठी चार महिन्यांची वैरण त्याने बरोबर घेतली होती.

पंचविसाव्या दिवशी तांडा तगाझा येथे पोहोचला. झाड नाही की झुडूप नाही. घरे व मशीद मिठाच्या चिऱ्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. येथे जमिनीतून मिठाच्या लाद्या खणून काढीत, आणि एका उंटावर दोन लाद्या लादीत. उंटभर मीठ वलातास ८ ते १० मिस्काल सोन्यास जाई, तर माली राज्याच्या राजधानीत त्यास २० ते ३० आणि कधी ४० मिस्कालही येत. खणणारे मात्र गुलाम होते. बाहेरून येणारे खजूर व धान्य आणि उंटाचे मांस यांवर ते दिवस कंठीत. त्या खाऱ्या पाण्याच्या व माश्यांनी भरलेल्या गावी आमचा प्रवासी दहा दिवसांतच कंटाळून गेला.

पुढील टप्प्यावर एक दुर्घटना घडली. प्रथम काही मंडळी चाऱ्याच्या शोधात तांड्याच्या पुढे जात असत. इब्न झीरी नावाच्या इसमाचे आपल्या नात्यातल्या भावाशी भांडण झाले, शिवीगाळ झाली, आणि रागाच्या भरात तो मागे रेंगाळला. मुक्काम पडला तरी त्याचा पत्ता नाही. माग काढण्यास मसूफा जमातीचा माणूस मजुरीने पाठवावा, असे इब्न बतूताने त्या भावास सुचविले; त्याने ते मानले नाही. दुसऱ्या दिवशी एक मसूफा आपण होऊन, मोबदल्याशिवाय गेला. त्यास वाटेवर पावलांचा माग दिसला, पण माणूस मिळाला नाही. त्यानंतर इब्न बतूता तांड्याच्या पुढेही गेला नाही आणि मागेही राहिला नाही.

तासरहला येथे तीन दिवस विश्रांती झाली. पखाली दुरुस्त करून भरल्या, आणि वाऱ्याने पाणी सुकू नये म्हणून त्यांवर जाडेभरडे कापड शिवले. येथून ‘तक्शीफ’ पुढे धाडावयाचा असे. तक्शीफ म्हणजे तांड्याची पत्रे घेऊन एकटाच वलाताकडे जाणारा वाटाड्या. पत्रे पोहोचली की तेथील लोक पाणी घेऊन चार दिवसांच्या वाटेवर सामोरे येत. ज्याचा तेथे कोणी स्नेही नसे तो एखाद्या सज्जन व्यापाऱ्यास लिही. पण वाटेत तक्शीफच दगावला तर? मग वलातास वार्ताच नाही, आणि तांड्यातील बहुतेकांस मरण. शेकडो जीवांचे पाणी एका माणसाच्या पायांवर अवलंबून! त्याची मजुरी १०० मिस्काल, म्हणजे सुमारे ३६ तोळे सोने होती, ती आम्हांस मुळीच जास्त वाटत नाही. या तांड्याच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा आजारी होता. तरी त्याच्याइतका वाटेचा जाणकार दुसरा नव्हता.

उन्हामुळे आता दुपार कलल्यावर निघावे, रात्रभर चालावे आणि सकाळी थांबावे असा क्रम होता. सातव्या रात्री दूर अंधारात जाळ दिसले. पाणी घेऊन आलेल्यांचे ते जाळ होते! निघाल्यापासून दोन महिन्यांनी तांडा वलातास लागला.

मालीच्या राजाकडून उंची वस्त्रे व द्रव्य मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळाभर दही! त्यास हसू आवरेना. १३५३ च्या सप्टेंबरात सुलतानाच्या आज्ञेवरून तो परत फिरला. त्या तांड्यात विक्रीस नेलेल्या ६०० स्त्रिया होत्या. ही गोष्ट तो सहज सांगून पुढे जातो. आम्हांस मात्र तेथे थांबावे लागते.

हिमवर्षावातून पर्वत ओलांडून तो १३५४ च्या आरंभी फेझ येथे आला. सुलतानाच्या इच्छेवरून त्याने आपला वृत्तांत इब्न जुझय नावाच्या लेखकास सांगितला, आणि तो ग्रंथ १३५५ च्या डिसेंबरात पुरा झाला. उरलेले आयुष्य त्याने मोरोक्कोतच काझी म्हणून काढले. १३६८-६९ च्या सुमारास त्याचे निधन झाले.