कागदावरचा कम्प्युटर

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी चार तास कम्प्युटर झालो होतो! हसू नका, खरंच. दिंडोशीला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे काका बुद्धिबळात पक्के. त्यांच्यासमोर पट मांडला, वही आणि कॅल्क्युलेटर घेतला आणि ठरवलं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, फक्त नियम पाळायचे. नियम होते अ‍ॅलन ट्युरिंगचे.

ट्युरिंग आपल्याला सिलॅबसमध्ये भेटतो, तोही दहा मार्कांपुरता. त्याचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील इकडे आणि पोरगा तिकडे दुसऱ्यांच्या घरी, असं त्याचं बालपण गेलं. १९३६ साली केंब्रिजला असताना त्यानं एक यंत्र कल्पिलं, तेही नुसतं कागदावर. आजचा प्रत्येक कम्प्युटर त्याच कल्पनेचा नातू.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि तो ब्लेचली पार्कला जर्मनांच्या 'एनिग्मा'चे गुप्त संदेश फोडायला गेला. तिथे सोबतीला ब्रिटनचा बुद्धिबळ विजेता ह्यू अलेक्झांडर होता. ट्युरिंग स्वतः मात्र पटावर अगदी साधारण! पण विचार करायची पद्धत यंत्राला शिकवता येईल का, हा किडा त्याच्या डोक्यात तेव्हापासून वळवळत होता.

१९४८ मध्ये मित्र चॅम्परनाऊनबरोबर त्यानं 'ट्युरोचॅम्प' तयार केला. प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १० गुण. आपली प्रत्येक खेळी, त्यावर समोरच्याचं प्रत्येक उत्तर, मारामारी असेल तर ती संपेपर्यंत पुढे. शिवाय मोहऱ्याला किती घरं मोकळी आहेत त्याचं वर्गमूळ! पण हा प्रोग्रॅम मशीनवर चढवणं काही पुरं झालं नाही. मग १९५२ मध्ये मँचेस्टरला ट्युरिंग स्वतःच मशीन बनला. समोर अ‍ॅलिक ग्लेनी. एकेका खेळीला सुमारे अर्धा तास आकडेमोड. २९ व्या खेळीला 'मशीन' हरलं.

मी तर चार तासांत सहा खेळ्यांवरच गळपटलो. सुरुवातीलाच २० गुणिले २०, म्हणजे ४०० शक्यता! वजीर गेला तेव्हा काका म्हणाले, "तुझ्या साहेबाला सांग, नियमात अक्कल थोडी कमी पडली." साहेबाचं पुढे काय झालं, हेही त्यांनी विचारलं. मी क्षणभर अडखळलो.

कारण त्याच १९५२ साली ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांत गेला आणि चौकशीत एका पुरुषाशी असलेले त्याचे संबंध उघड झाले. तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंग नको म्हणून त्यानं हार्मोनचे उपचार पत्करले. सरकारी गुप्त काम गेलं. ७ जून १९५४ ला, ४१ व्या वर्षी, सायनाईडनं त्याचा मृत्यू झाला. चौकशीचा निष्कर्ष होता आत्महत्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९९७ मध्ये 'डीप ब्लू'नं कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीचनं हरवलं. २०१२ मध्ये, ट्युरिंगच्या जन्मशताब्दीला, मँचेस्टरमध्ये कास्पारोव्ह 'ट्युरोचॅम्प'शी खेळला आणि १६ खेळ्यांत जिंकला. ब्रिटनची शाही माफी आली २०१३ ला. इंग्रजांनीच आणलेल्या कलम ३७७ मधून आपल्या सुप्रीम कोर्टानं सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले २०१८ मध्ये.

काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ मोहरी डब्यात भरत बसले. मला मात्र अकरावीच्या वर्गातला एक मुलगा आठवत होता. त्याच्या चालण्यावरून सगळे चिडवायचे. मी कधी काही बोललो नाही, पण हसायचो. त्यानं मध्येच कॉलेज सोडलं. का सोडलं, हे आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

मित्रांनो, पटावर चुकलेली खेळी पुढच्या डावात सुधारता येते. ही कशी सुधारायची, ते अजून शोधतोय.