बसमधील गीत

गीताचे सामर्थ्य केवढे असते, हे फॅनी लू हेमर यांच्या चरित्रात पाहा. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९१७ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय भगिनी मळ्यावर कापूस वेचीत. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इतर १७ जणांसह मतदार नोंदणीस गेल्या. परतताना पोलिसांनी बस अडविली; तेव्हा मंडळीतील परिचित गीते गाऊन त्यांनी भयभीत सोबत्यांना धीर दिला. मळेमालकाने त्याच दिवशी त्यांना घराबाहेर काढले. १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात अमानुष मारहाण झाली, तरी गीत थांबले नाही. अशीच लोकगीते नागरी हक्कांच्या चळवळीची रणगीते बनली. १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला. १९७७ मध्ये त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. वाचकहो, आपली गीते मंदिराच्या दाराशीच थांबतात काय?